वरच्या अंगाचं पाणी

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर एक ओढा आहे, म्हणजे पावसाळ्यात ओढा, डिसेंबरात नुसती दगडांच्या मधून सरकणारी बोटभर धार. दुपारी पाचनईकडून चढून आलेलो, घसा सुकलेला. मी सॅक खाली टाकली, उकिडवी बसले, बाटलीचं तोंड धारेला लावलं, तोवर मागून आवाज आला, "ताई, त्या वढ्याचं नका भरू." वळून बघितलं तर झोपडीवाल्या मावशी, डोक्यावर हंडा, एका हाताने पदर आवरत उभ्या. मी विचारलं, का हो मावशी? त्या लगेच काही बोलल्या नाहीत. वरच्या बाजूला पठारावर नुसती नजर टाकली, तिथे तंबू लागायला सुरुवात झाली होती, पिवळे, निळे, भगवे. मग म्हणाल्या, "आता आमीबी नाय पीत ते. पोरांची पोटं बिघडली दोनदा. आता निस्तं गुरांना दावतो." आणि हंडा खाली उतरवून त्यांनी माझी बाटली माझ्या हातातून घेतली, आतलं पाणी ओतून टाकलं आणि तांब्याने हंड्यातलं पाणी गळ्यापर्यंत भरून दिली. किती लांबून आणलंत विचारलं तर हात वर केला, "वरच्या अंगाला हाय झरा."

पैसे देऊ केले ते घेतले नाहीत. पान्याचे कसले पैसे, म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हताच. सकाळी उठून सांगतात ना की आज दूध नासलंय, चहा काळाच घ्या, तसं त्यांनी ते सांगितलं होतं. आणि मी ती भरलेली बाटली हातात धरून तिथेच बसून राहिले, कारण ज्या धारेपासून त्यांनी मला उठवलं त्या धारेवर मी १९९९ साली पालथी पडून पाणी प्यायले होते. तोंड लावून. गुरं पितात तसं.

तो माझा पहिला मोठा ट्रेक. कल्याणहून पहाटेची एसटी पकडून खुबी फाट्याला उतरलेलो आम्ही बारा जण, धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर, मग टोलार खिंड, मग तो कातळाचा टप्पा जिथे माझे पाय लटपटले आणि मागच्या मुलाने खालून नुसतं "दगडाकडे बघ, खाली नको" एवढंच सांगितलं. माझ्याकडे घरून मागून घेतलेले दीडशे रुपये होते आणि भावाची कॉलेजची बॅग. डोंबिवलीच्या दोन खोल्यांमध्ये आम्ही सहा माणसं राहायचो, एकटीने उभं राहता येईल अशी जागा म्हणजे स्टेशनच्या पुलावरचा कोपरा. आणि वर आल्यावर ते पठार! कारवीची सुकलेली काटकं, गवत पिवळं पडलेलं, त्याच्यावरून येणारा वारा आणि कुठेही भिंत नाही. तेव्हा ही धार लागली. आमच्यातला कुणीतरी म्हणाला पिऊन घ्या, यापेक्षा स्वच्छ पाणी जन्मात मिळणार नाही. मी दगडावर हात टेकवून आडवी झाले, नाकात पाणी गेलं, ठसका लागला, पाण्याला शेवाळाचा आणि लोखंडासारखा थोडा वास होता, दात दुखतील इतकं गार. तो वास मला अजून आठवतो, लिहितानाही येतोय. रात्री गुहेत झोपलो. अख्ख्या गडावर आमच्याखेरीज आठ-दहा माणसं असतील. आणि सकाळी उजाडायच्या आत प्रत्येकजण एकेक दगड शोधून त्याच्या आड गेला, मीही गेले. कुणी काही शिकवलं नव्हतं, कुणाला विचारायचं ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न आहे हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. आपण बारा जण आणि एवढा मोठा डोंगर.

हे वाक्य मी नंतर कितीतरी वर्षं मनात वापरलं. आपण बारा जण. मग पुढे आपण वीस जण. पुढे एका ग्रुपसोबत मी लीडर म्हणून जायला लागले तेव्हा एका बसची पंचेचाळीस माणसं, आणि पावसाळ्यातल्या एका शनिवारी अशा किती बसेस पायथ्याला लागल्या होत्या ते मी मोजलंही नाही. पण डोंगर तेवढाच मोठा होता, त्यामुळे वाक्य चालत राहिलं. आम्ही काळजी घ्यायचो, असं मला मनापासून वाटायचं. निघताना सगळ्यांना सांगायचो की प्लास्टिक टाकायचं नाही, स्पीकर आणायचा नाही, दारू चालणार नाही. उतरताना दोन गोणी कचरा गोळा करून आणायचो, त्या गोण्यांबरोबर फोटो काढायचो. ते चांगलंच होतं, आजही म्हणते. पण प्लास्टिक दिसतं, उचलता येतं, त्याचा फोटो निघतो. जे दिसत नाही, ज्याचं नाव चारचौघात घ्यायला जीभ अडते, त्याबद्दल मी पंचेचाळीस माणसांसमोर उभी राहून एकदाही बोलले नाही. बायकांच्या घोळक्यात हळूच सांगायचे, तिकडे झाडीत जा, दोघी दोघी जा, टॉर्च घ्या. बस.

त्या डिसेंबरच्या रात्री मी तंबू मोजले. झोप येत नव्हती म्हणून उठले, कड्याच्या बाजूला जाऊन बसले आणि मोजत गेले. आतून दिवे लागलेले, कंदिलांसारखे दिसत होते, सुंदरच दिसत होतं ते, ते नाकारणार नाही. ब्याऐंशीपर्यंत मोजले आणि पुढे गडबड झाली. एकात तीन धरा. म्हणजे अडीचशे माणसं, एका रात्रीची, आणि शनिवार दर आठवड्याला येतो. हे सगळं जे आहे ते जिरायचं कुठे? पुस्तकातला नियम मला पाठ होता, पाण्यापासून दोनशे फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर माती लोटून झाकायचं. सकाळी मावशींकडून खुरपं मागून घेतलं आणि एका बाजूला जाऊन खणून बघितलं. तीन बोटं माती गेली आणि खण्ण वाजलं. खाली काळा कातळ. चार पावलं सरकून परत खणलं, चार बोटं, परत कातळ. आपला सह्याद्री असाच आहे ना, बेसॉल्टचा ओटा आणि त्यावर गोधडीसारखी पातळ माती. तो नियम जिथे लिहिला गेला तिथे जंगलाची खोल, काळी, जिवाणूंनी भरलेली माती असेल, इथे तुम्ही काहीही पुरा, ते कातळावर बसून राहतं आणि जूनचा पहिला वळीव आला की उताराने ओढ्यात. चार महिने असा पाऊस पडतो की सगळं धुवून निघतं असं आपण म्हणतो. धुवून निघतं ते कुठे जातं हे मावशींना माहीत होतं, मला नव्हतं.

खुरपं परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, काय घावलं का खनून? मी म्हटलं, दगड. त्या म्हणाल्या, "दगूडच हाय समदा. म्हनून तर पानी राहतं."

कॅलिफोर्नियात माझी मावसबहीण राहते, ती माउंट व्हिटनीला जाऊन आली. चौदा हजार पाचशे फुटांचं शिखर, नावाजलेलं. तिने फोनवर सांगितलं की आधी फेब्रुवारीत लॉटरीत नाव टाकायचं, मे ते ऑक्टोबरच्या सीझनमध्ये दिवसाला १०० माणसं एका दिवसात जाऊन येणारी आणि ६० माणसं मुक्कामाची, त्याच्यावर एकही नाही. तिचं नाव दुसऱ्या वर्षी लागलं. आणि परवान्यासोबत हातात एक पिशवी मिळते, आत पावडर असते, आपलं आपण त्यात करायचं आणि बांधून खाली घेऊन यायचं, कारण वर पूर्वी संडास होते ते काढून टाकले, तिथेही सगळा दगडच. मी ऐकून म्हटलं, ईऽ, सॅकमध्ये घेऊन चालायचं? ती म्हणाली, पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं, पण आपल्याकडे तान्ह्या बाळाची आई लंगोट पिशवीत घालून एसटीने येतेच की घरी. या एका वाक्याने माझी किळस गेली. खरंच गेली.

पण लॉटरी म्हटल्यावर माझ्या पोटात जे खड्डा पडल्यासारखं झालं ते काही गेलं नाही. कारण १९९९ साली लॉटरी असती, ऑनलाइन बुकिंग असतं, तर मी त्या पठारावर कधी पोचलेच नसते. दीडशे रुपयेवाली मुलगी, घरी फोनसुद्धा शेजाऱ्यांकडे यायचा. माझ्या आयुष्यात जी काही हिंमत आली ती त्या कातळाच्या टप्प्यावर आली असं मी मानते, आणि ती फुकट मिळाली होती. दार लावलं की ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आणि कार्ड आहे तो आधी आत जाणार. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि माणसांची संख्या २०० वर आणली, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस आरडाओरडा चालला होता. रूपकुंड तळ्याच्या ट्रेकला जायचं ठरवलेल्यांची सगळी गणितं फिसकटली. मीही तेव्हा चिडून लिहिलं होतं की डोंगर काय कुणाच्या बापाचा आहे का. आज तोच मेसेज शोधून परत वाचला. रूपकुंडच्या वाटेवरच्या बेदनी बुग्यालाच्या त्या हिरव्या गालिच्यावर तंबू काढला की खाली पिवळा चौकोन उरायचा आणि त्या चौकोनाशेजारी दुसरा चौकोन, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पाहूनही तसं लिहिलं.

आणि अभयारण्य म्हणजे काय हे तरी आपल्याला कुठे माहीत असतं. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा पट्टा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात, कलम २७ मध्ये, अभयारण्यात कोण शिरू शकतं याची यादीच आहे. तिथे राहणारा, तिथे जमीनजुमला असलेला, रस्त्याने नुसता पार जाणारा, ड्युटीवरचा सरकारी माणूस. बाकीच्यांना परवाना. म्हणजे मावशींचं तिथे असणं हा हक्क आहे आणि माझं असणं ही परवानगी आहे. पायथ्याशी पावती फाडताना मी कित्येकदा कुरकुर केलीय, कशाचे पैसे घेता, वर काय सोय आहे, वगैरे. ती पावती म्हणजे तिकीट नव्हतं, एका घरात शिरताना दारात विचारलेलं "येऊ का?" होतं, हे समजायला मला वीस वर्षं लागली.

मग सगळेच सुचवतात तो उपाय मलाही सुचला होता, की गर्दी पांगवा. एकाच गडावर कशाला, आजूबाजूला इतके अनवट घाट, सुळके, पठारं पडलीयत, तिकडे न्या लोकांना. ऑफबीट. मी स्वतः दोन सीझन तेच केलं. नंतर पायवाटा आणि कॅम्पच्या जागा यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांचं लिखाण वाचलं आणि त्यातली एक गोष्ट एकदम डोक्यात बसली. माळावर माणसं वाढतात तसं नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या थोड्याशा पावलांनीच, पहिल्या काही तंबूंनीच सगळ्यात जास्त बिघडतं, गवत मरतं, माती घट्ट होते, आणि पुढे माणसं दुप्पट झाली तरी त्याच जागेत नुकसान तेवढं दुप्पट होत नाही. म्हणजे आधीच टक्कल पडलेल्या जागेवरच तंबू लावणं बरं, आणि कोऱ्या जागी दहा माणसं नेणं हे जास्त वाईट! मला ज्या एका पठाराचा फार अभिमान होता, सप्टेंबरात सोनकीने पिवळंधमक झालेलं, खाली कातळावर सीतेची आसवं ही इवली फुलं निळी निळी, जिथे मी म्हणजे मी पहिल्यांदा बॅच नेली, तिथे तीन वर्षांनी गेले तर मधोमध पायवाट आणि दोन चुलींचे काळे दगड. ती वाट माझ्या ट्रॅक फाइलवरून, म्हणजे जीपीएसने नोंदलेल्या माझ्या चालण्याच्या नकाशावरून, पडली होती. मीच टाकली होती ती फाइल सगळ्यांसाठी, चांगल्या मनाने.

साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठाराची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच आहे. २०१२ साली जागतिक वारशात नाव आलं, झुंबड उडाली, मग दिवसाला ३००० ची मर्यादा, बुकिंग, तारेची जाळी. जाळीने माणसं थांबली पण गुरंही थांबली, गवत उंच वाढलं आणि त्या गवतात फुलं कोंडली, असं गावातलेच लोक आधी म्हणायला लागले. मग जाळी काढली. मला यातलं ते आकडे-बुकिंग वगैरे एवढं महत्त्वाचं वाटत नाही जेवढं हे, की कुठल्या पायांनी माळ बिघडतो आणि कुठल्या पायांनी माळ टिकतो हे त्या माळाजवळ राहणाऱ्याला दिसत असतं. त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उशिरा.

म्हणून मी विचारलं. त्याच फेरीत, दुसऱ्या दिवशी, मावशींच्या चुलीपाशी. त्या तांदळाची भाकरी थापत होत्या, परातीत पाण्याचा हात लावून गरागरा फिरवत, आणि बाहेर पोरं पिठल्याची ऑर्डर ओरडत होती. मी म्हटलं, मावशी, माणसं कमी करावीत का वर यायची? त्यांचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "कमी करून आमी खायाचं काय?" आणि बरोबरच होतं ते, पोराची दहावी, सुनेचं बाळंतपण, पत्रे, सगळं या पिठल्या-भाकरीतून आलेलं. मी गप्प बसले. भाकरी तव्यावर टाकून त्यांनी वरून पाणी फिरवलं आणि मग आपणहून बोलल्या, "एकाच दिसाला यवढी नको. शनवारी पाय ठिवाया जागा नाय आन मंगळवारी कुत्रं फिरकत नाय. रोज थोडी थोडी येऊ द्या. आमालाबी झेपंल, वढ्यालाबी झेपंल." मी इतकी वर्षं ट्रेक लावले, सगळे शनिवार-रविवारचे. आठवड्याच्या मधल्या दिवशी एक बॅच लावून बघावी, कॉलेजच्या मुलांना, निवृत्त लोकांना अर्ध्या पैशात न्यावं, हे मला सुचलं नव्हतं. मर्यादा घालायची तर ती शनिवारला घाला, आणि पायथ्याच्या चौकीवर थोड्या जागा ऐनवेळी एसटीने येणाऱ्यांसाठी राखून ठेवा, गावातल्या समितीने पावती फाडून द्याव्यात अशा. दीडशे रुपयेवाली मुलगी तेव्हा त्या रांगेत उभी राहू शकेल. एवढंच मी मागते.

आणि बायकांचं वेगळं बोलायलाच हवं. माझ्या एका बॅचमध्ये एक मुलगी होती, विशीतली. कड्यावरून परतताना चालता चालता खाली बसली, ओठ पांढरे, हात गार. मला वाटलं ऊन लागलं. बाजूला नेऊन विचारलं तर सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, बाटली पूर्ण भरलेली सॅकमध्ये. का गं? "जायला लागलं असतं ना मग." सगळीकडे माणसं, आडोसा नाही, सांगायची लाज. भरलेली बाटली पाठीवर घेऊन ती तहानेने पडली होती. त्या दिवसापासून मी निघायच्या आधी सगळ्यांसमोर, मुलग्यांसमोरही, स्पष्ट बोलते. एक छोटा आडोशाचा तंबू सोबत असतो, पिशव्या असतात, पावडर नसली तर लाकडाचा भुसा आणि चुना असतो, आणि जे होईल ते खाली गावाबाहेर आणून आम्ही ठरवलेल्या खड्ड्यात जातं, जिथे माती हातभर खोल आहे. पहिल्या बॅचला चार जणांनी बुकिंग रद्द केलं. मला वाईट वाटलं, चिडलेही. पण राहिलेल्यांनी ते केलं, आणि एक पन्नाशीचे काका स्वतःहून गोणी उचलून माझ्यापुढे चालत उतरले.

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, मी एकटीच परत गेले. मावशींना म्हटलं, आज तुमच्याबरोबर पाण्याला येते. त्यांनी मला लहान कळशी दिली. वाट अशी नाहीच, कारवीतून त्या जात होत्या आणि मी त्यांच्या पायांकडे बघत मागे, खडकावर कुठे चप्पल टेकते तिथेच माझा बूट. अर्धा तास तरी लागला असेल. मग एका कपारीखाली वाकून त्यांनी एक चपटी शिळा बाजूला सरकवली, आत टोपलीएवढं कुंड, तळाचे खडे मोजावेत इतकं नितळ. दोन पानं पडलेली ती बोटाने काढली, पाणी निवळायला थोडं थांबल्या, मग करवंटीने मला आधी दिलं. मी प्यायले. तोच वास, शेवाळाचा आणि लोखंडाचा. मला काही बोलता येईना, त्यांनी विचारलंही नाही. हंडा भरला, कळशी भरली, शिळा परत होती तशी बसवली, वर थोडी वाळकी पानं पसरली. निघताना म्हणाल्या, "कुनाला दावू नका ताई." मी मान हलवली.

झोपडीपाशी कळशी उतरवली आणि मग मनगटाकडे लक्ष गेलं. सवयीने सकाळी पायथ्याला जीपीएसच्या घड्याळात वाटेचं रेकॉर्डिंग सुरू केलं होतं, ते चालूच होतं, गेली अख्खी वाट त्यात रेषेसारखी उमटलेली, कपारीपाशी थांबलेली ती गाठसुद्धा. मावशी चहा टाकायला आत गेल्या होत्या. मी तिथेच ओट्यावर बसून रेकॉर्डिंग बंद केलं, घड्याळाने विचारलं सेव्ह की डिलीट. डिलीट केलं. मग फोन काढून तिथेही गेलं ना ते दोनदा बघितलं.